चीफची खुर्ची नंतर, आधी वडिलांचा हप्ता

ओहायोमधून एका सांगलीकर डॉक्टरांचं पत्र आलंय. वय ३१, इंटर्नल मेडिसिनच्या रेसिडेन्सीचं (एमबीबीएसनंतरचं हॉस्पिटलातलं पगारी प्रशिक्षण) दुसरं वर्ष, व्हिसा जे-१ (प्रशिक्षणासाठीचा तात्पुरता व्हिसा), सोबत बायको आणि दीड वर्षाची मुलगी. रेसिडेन्सीची ३ वर्षं संपली की एक वर्ष चीफ रेसिडेंट, म्हणजे रेसिडेंट डॉक्टरांचा प्रमुख, म्हणून थांबा, असं प्रोग्रॅम डायरेक्टरांनी सुचवलंय. पगार ८२ हजार डॉलर. थेट कार्डिओलॉजी फेलोशिपला (रेसिडेन्सीनंतरचं हृदयरोगाचं पुढचं प्रशिक्षण) गेले तर त्या वर्षी ७२ हजार. पुढे इंटरव्हेन्शनल, म्हणजे अँजिओप्लास्टीसारख्या उपचारांचं, प्रशिक्षण करायचंय. "दहा हजार जास्त मिळतायत, सीव्हीही सुधारेल. घेऊ का?" एवढाच प्रश्न. शेवटी जाता जाता दोन ओळी आहेत: "बचतीची काळजी नाही, महिना ९०० डॉलरची आययूएल पॉलिसी (शेअर निर्देशांकाशी जोडलेला आयुर्विमा) दोन वर्षांपासून चालू आहे. एमबीबीएसच्या कर्जाचे १४ लाख बाकी आहेत, तो हप्ता बाबा पेन्शनमधून भरतात."

डॉक्टर, आधी तुमच्या प्रश्नाचं बघू, ते लवकर उरकतं. जादा दहा हजारांतून कर गेला की हातात सात-साडेसात राहतात. त्या बदल्यात तुमची कन्सल्टंट म्हणून कमाई एक वर्ष पुढे ढकलली जाते. तो पगार ५ लाख धरला, कर जाऊन सव्वातीन, तर चीफच्या वर्षातले हातातले ६०-६५ हजार वजा करून हे वर्ष तुम्हाला अडीच लाख डॉलरच्या घरात पडतं. कार्डिओलॉजी मिळेल की नाही अशी धाकधूक असती, तर हा खर्च मी आनंदाने करायला सांगितला असता, कारण ती जागा आयुष्यभर पैसे देते. पण तुमचे पेपर छापून आलेत आणि तुमच्याच हॉस्पिटलचे कार्डिओलॉजीप्रमुख शिफारसपत्र द्यायला तयार आहेत, असं तुम्हीच लिहिलंय. मग जुलैत अर्ज करा, डिसेंबरमध्ये मॅचचा, म्हणजे जागावाटपाचा, निकाल कळेल.

खरी अडचण व्हिसाची आहे आणि तिचा पत्रात उल्लेखच नाही. जे-१ वर वैद्यकीय प्रशिक्षणाला साधारण ७ वर्षांची मर्यादा असते. मेडिसिनची ३, कार्डिओलॉजीची ३, इंटरव्हेन्शनलचं १, झाली बरोबर ७. चीफचं वर्ष घातलं की ८. मुदतवाढ अपवाद म्हणूनच मिळते आणि अपवादाच्या भरवशावर करिअर आखू नये. होकार देण्याआधी ईसीएफएमजीकडून, म्हणजे डॉक्टरांचा जे-१ प्रायोजित करणाऱ्या संस्थेकडून, हे लेखी विचारून घ्या. माझं मत: चीफ नको.

आता पॉलिसी. तुम्ही एजंटने दिलेला तक्ता पाठवलात ते बरं केलंत. त्यात दोन रकाने आहेत. तुम्ही उजवीकडचा वाचलात, साडेसहा टक्क्यांचा. डावीकडच्या रकान्यावर 'गॅरंटीड' लिहिलंय, आणि त्यात विसाव्या वर्षानंतर पॉलिसीच बंद पडते. कंपनी ज्याची हमी देते ते एवढंच. "बाजार पडला तरी शून्याखाली जात नाही" हे एजंटचं वाक्य अर्धं आहे. व्याज शून्य मिळालं त्या वर्षीही विम्याचा खर्च आणि इतर चार्जेस तुमच्या खात्यातून कापले जातातच. बाजार चढला तर फायद्यावर कॅप, म्हणजे कमाल मर्यादा, आणि निर्देशांकातल्या कंपन्यांचा लाभांश तुम्हाला मिळत नाही. दोन वर्षांत २१,६०० डॉलर भरलेत. आज बंद केलीत तर हातात येतील ५,८००. रेसिडेंटच्या पगारावर जगणाऱ्या माणसाला हे विकणाऱ्याचा मला मनापासून राग येतो.

आणि तिकडे सांगलीत काय चाललंय? ४२ हजारांच्या पेन्शनमधून साडेतीस हजार तुमच्या कर्जाचा हप्ता. उरतात साडेअकरा हजार. त्यात दोघांची औषधं, किराणा, लाइटबिल. कर्जाचं व्याज ११ टक्के. म्हणजे ११ टक्क्यांचं कर्ज वडिलांच्या अंगावर ठेवून तुम्ही साडेसहाच्या आशेवर महिन्याला जवळजवळ ८० हजार रुपये बाहेर टाकताय. बाबा तक्रार करत नाहीत म्हणून हे दिसलं नसेल. पण दिसायला हवं होतं.

त्याहून मोठी भीती वेगळीच आहे. उद्या हाताला इजा झाली आणि कॅथलॅबमध्ये उभं राहता आलं नाही, तर तुमच्याकडे काय आहे? काहीच नाही. डिसॅबिलिटी विमा (अपंगत्वामुळे कमाई थांबली तर भरपाई देणारा) नाही. व्हिसावाल्या डॉक्टरांना काही कंपन्या तो सरळ नाकारतात, पण बऱ्याच हॉस्पिटलांत रेसिडेंटसाठी तपासणीशिवाय मिळणारी सवलतीची योजना असते आणि प्रशिक्षण संपलं की ती संधी जाते. हॉस्पिटलच्या जीएमई ऑफिसला (रेसिडेंटांचं प्रशिक्षण सांभाळणारा विभाग) या आठवड्यातच विचारा. 'स्वतःच्या स्पेशालिटीत काम करता आलं नाही तरी भरपाई' ही अट हवी. भारतात परतलात तर भरपाई किती महिने मिळेल, हेही विचारा. सोबत १० लाख डॉलरचा साधा टर्म विमा. दोन्ही मिळून २५० डॉलरच्या आसपास. हे दोन्ही सुरू झाल्यावरच आययूएल बंद करायची, आधी नाही.

मग उरले महिना ६५० डॉलर, साधारण ५७ हजार रुपये. सरेंडरचे, म्हणजे पॉलिसी बंद करून मिळणारे, ५ लाख रुपये कर्जात भरा, राहतील ९. बाबांचा हप्ता त्याच महिन्यापासून थांबवा आणि ५७ हजार तुम्ही भरा. दीड वर्षात कर्ज फिटतं. फेलोशिप सुरू होताना तुम्ही मोकळे. त्यानंतर तेच ६५० रॉथ आयआरएमध्ये वळवा (निवृत्तीचं खातं: कर आज भरायचा, निवृत्तीत काढताना नाही). २०२५ ची मर्यादा ७ हजार डॉलर होती, वर्षाचे हप्ते ७,८०० होतात, म्हणून मर्यादेइतकेच भरा. आज तुमचा कराचा दर कमी आहे तोवरच रॉथचा खरा फायदा. पगार ५ लाख झाला की थेट भरताही येणार नाही.

एजंट फोन करेल. "दहा वर्षं थांबा, सरेंडर चार्ज संपेल" म्हणेल. थांबण्यासाठी अजून आठ वर्षं, म्हणजे ८६ हजार डॉलर भरावे लागतील. गेलेले १५,८०० वाचवायला ८६ हजार घालायचे नाहीत, एवढं त्याला सांगा आणि सरेंडरचा फॉर्म मागा.