रेडकू जगवा, मग वजनाचं बघू

दादा, खटावात मांसासाठी रेडे पाळताय म्हणून सांगतो. 2015 पासून राज्यात गाय, बैल, वळूच्या कत्तलीला बंदी आहे, त्यामुळे आपली भिस्त रेडकांवरच. दुधापायी त्यांना उपाशी मारतात, ते बघवत नाही. जन्मल्यावर तासाभरात चीक पाजा, दहाव्या दिवशी जंताचं औषध द्या. अर्ध्यात मेलेल्या रेडकापायी म्हशीचा चारा-पाणीही वायाच की! या जातीला घाम कमी येतो. माणदेशी उन्हात सावली आणि डुंबायला पाणी हवंच. जीभ बाहेर काढून धापा टाकू लागला की लगेच अंगावर पाणी मारा. विकायला नेताना गाडीत कोंबू नका, शेपटी पिळू नका. भेदरलेल्या जनावराच्या स्नायूंतली साखर संपते, मांस काळपट पडतं. मी चढवायला फळी लावतो, खाली भुसा पसरतो.