नकाशा पाठ झाला, आता माणसं

एखाद्या प्रदेशाचा जाणकार अधिकारी व्हायचंय ना तुला? मग एकच भाषा धर आणि सोडू नकोस. खडकवासल्याला तुझ्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत अरबी, चिनी, फ्रेंच, रशियन शिकवतात. अमेरिकी लष्कर अशा अधिकाऱ्याला भाषा, पदव्युत्तर शिक्षण आणि त्या प्रदेशातलं वास्तव्य यासाठी काही वर्षं देतं. आपल्याकडे बरंचसं स्वतःच जमवावं लागतं, याची मला मनापासून खंत वाटते.

दूतावासातलं काम असो की लडाखमध्ये चिनी अधिकाऱ्यांशी होणारी चुशुल-मोल्डोसारखी सीमेवरची बैठक, समोरचा ‘बघू’ म्हणाला तर तो नकार आहे की सवड मागतोय, हे शब्दकोशात सापडत नाही. गनिमी युद्धात तर याचं मोल फार. तुर्की ऑटोमन सत्तेविरुद्धच्या १९१६च्या अरब बंडात टी. ई. लॉरेन्स हा ब्रिटिश अधिकारी उपयोगी पडला, कारण सीरिया-तुर्कस्तान सीमेवरच्या कार्केमिश या प्राचीन शहराच्या उत्खननावर राहून तो आधीच अरबी बोलत होता, तिथली माणसं ओळखत होता. पण अरबांना दिलेली वचनं ब्रिटननं पाळली नाहीत, हेही वाच. स्थानिकांना शब्द देण्याआधी आपल्या हातात किती आहे, ते बघ.

आणि प्रबोधिनीतल्या तुझ्या स्क्वॉड्रनमध्ये, म्हणजे छात्रांच्या तुकडीत, भूतानचा मुलगा असेल, तर सुट्टीच्या रविवारी त्याला माझ्याकडे जेवायला घेऊन ये.