होकारानंतरचं काम

प्रिय,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. पडद्यावर कधीच न आलेल्या लोकांच्या गोष्टी चॅनेलवर आणायच्या आहेत, हे तू इतक्या तळमळीने लिहिलंयस की उत्तराला उशीर करवेना. पण तुझा सगळा भर एकाच क्षणावर आहे: आपण अधिकाराच्या खुर्चीत बसलोय आणि वेगळ्या मालिकेला होकार देतोय. त्यापुढचं तू काहीच लिहिलेलं नाहीस, आणि माझ्या मते मालिका निवडण्याच्या या नोकरीचा कस तिथेच लागतो.

होकार मिळालेली मालिका संपवायला कुणाला उघड विरोध करावा लागत नाही. तिला रात्री उशिराचा स्लॉट द्यायचा, प्रोमो हात राखून चालवायचे, मोजके भाग मागवायचे आणि आकडे आले नाहीत म्हणून दुसरा सीझन नाकारायचा. वर 'असल्या गोष्टी लोक बघत नाहीत' हे कायमचं ठरून जातं, आणि पुढे येणाऱ्या प्रत्येक लेखकाला ते ऐकवलं जातं. म्हणून स्लॉट आणि प्रोमो ठरवणाऱ्या बैठका कितीही रटाळ वाटल्या तरी चुकवू नकोस.

फरूख धोंडींबद्दल वाच. पुण्यात जन्मलेले हे लेखक १९८४ ते १९९७ या काळात ब्रिटनच्या 'चॅनेल फोर'मध्ये बहुसांस्कृतिक कार्यक्रमांचे कमिशनिंग एडिटर, म्हणजे कोणते कार्यक्रम करून घ्यायचे हे ठरवणारे संपादक होते. १९८२ साली सुरू झालेलं हे चॅनेल त्या काळी आपले कार्यक्रम बाहेरच्या निर्मात्यांकडून करून घ्यायचं, त्यामुळे काम कोणाच्या हाती सोपवायचं यावरच तिथे सारं अवलंबून असायचं. धोंडींच्या कारकिर्दीत 'डेझमंड्स' ही विनोदी मालिका १९८९ ते १९९४ चालली. दक्षिण लंडनच्या पेकहॅम भागातलं केशकर्तनालय, ते चालवणारं गयानाहून आलेलं कुटुंब आणि तिथे गप्पा ठोकायला येणारी माणसं. लिहिणारे ट्रिक्स वॉरेल स्वतः सेंट लुशियात जन्मलेले. दुकानातली ही माणसं भांडतात, बढाया मारतात, मायदेशी परतायची स्वप्नं बघतात. आपण कृष्णवर्णीय आहोत याचा खुलासा करत बसत नाहीत. मालिकेला सहा सीझन मिळाले म्हणून ती प्रेक्षकांच्या घरातलीच होऊ शकली. एका सीझनवर थांबवली असती तर एक स्तुत्य प्रयोग एवढीच तिची नोंद उरली असती.

खुलाशावरून आठवलं. तुझ्या हातून सगळ्यात जास्त नुकसान होईल ते पटकथेवरच्या नोट्समधून, आणि तेही सद्‌हेतूने. समज, एका दृश्यात बहीण-भाऊ वडिलांच्या अंत्यविधीची तयारी करतायत. समासात कुणीतरी लिहितं, 'ही प्रथा प्रेक्षकांना कळणार नाही, संवादात घ्या.' पुढच्या खर्ड्यात बहीण भावाला त्याच्याच घरातली रीत समजावू लागते, जी तो लहानपणापासून बघत आलाय. दृश्यातलं दुःख गेलं, राहिली माहिती. अशी नोट आली की लेखकापर्यंत पोचण्याआधी तू ती अडव. ते दोघं काय गमावतायत हे प्रेक्षकाला कळलं की पुरे, रीत तो बघता बघता समजून घेतो.

आणि हो, आकड्यांपुढे मान तुकवायची नाही असे दिवसही येतात. चॅनिंग डंजी २०१६ मध्ये एबीसी एंटरटेनमेंटच्या, म्हणजे एबीसी या अमेरिकी टीव्ही नेटवर्कच्या मनोरंजन विभागाच्या अध्यक्ष झाल्या. अमेरिकेतल्या एखाद्या मोठ्या नेटवर्कची सूत्रं अशी हाती आलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय व्यक्ती. मे २०१८ मध्ये एबीसीवरच्या 'रोझॅन' या मालिकेच्या मुख्य अभिनेत्रीने वर्णद्वेषी ट्वीट केलं, तेव्हा डंजींनी त्याच दिवशी मालिका बंद केल्याचं जाहीर केलं. ती त्या मोसमातल्या सर्वाधिक पाहिल्या जाणाऱ्या मालिकांपैकी होती. तुझ्यावर अशी वेळ येईल तेव्हा वरिष्ठ तुझं ऐकतील की नाही, हे आधीच्या वर्षांत साध्यासुध्या मालिका तू किती चोख सांभाळल्यास यावर ठरेल. म्हणून सुरुवातीला मिळतील ती लोकप्रिय कामं कमी लेखू नकोस. ती मन लावून कर.

पदाची घाई नको. आधी वाचन वाढव. दुसऱ्याच्या पटकथेत लेखकाला काय म्हणायचंय ते ओळखून त्यालाच धार आणणारी नोट लिहिता येणं, हे वर्षानुवर्षांच्या सरावानेच येतं. तुला मनापासून आवडलेल्या, पण बैठकीत नाकारली जाईल असं वाटणाऱ्या एखाद्या पटकथेवर दोन पानी टिपण लिहून मला पाठव. कोणत्या वेळेला दाखवायची, किती भाग, लेखकांच्या चमूत कोण हवं, हेही त्यात असू दे. मी समासात खुणा करून परत पाठवते.

तुझी,
मावशी