काइटसर्फिंगमध्ये ट्विन-टिपवरून स्ट्रॅपलेसकडे वळतोय. छोट्या-मोठ्या सगळ्या लाटांना चालेल असा एकच सर्फबोर्ड असतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ठाण्यात राहता, वजन ७८ किलो, दोन हंगाम रामेश्वरमला काइटसर्फिंगचे, म्हणजे मोठ्या पतंगाने (काइटने) ओढलं जात पाण्यावर फळी चालवण्याचे, ट्विन-टिपवर (दोन्ही टोकं सारखी असलेल्या, पायाला पट्टे असलेल्या फळीवर) काढलेत, आता पायाचे पट्टे सोडून, म्हणजे स्ट्रॅपलेस, सर्फबोर्डवर लाटा घ्यायच्या आहेत. ओळखीतून ५ फूट १० इंचांचा, निमुळत्या शेपटीचा बोर्ड स्वस्तात मिळतोय. तो घ्यावा का, आणि सगळीकडे तोच पुरेल का?

नका घेऊ. एवढं ठामपणे सांगतोय, कारण अगदी असाच बोर्ड मी घेऊन बसलो होतो.

मी नेरुळचा. गोव्यातून कायमचा परत निघालेल्या एका परदेशी माणसाकडून मी तो उचलला होता. सहा फुटांना दोन इंच कमी, रुंदी जेमतेम साडेसतरा इंच, शेपटी पिनसारखी, तळाला केळ्यासारखा बाक. दिसायला असा की भिंतीवर टांगावा. आई म्हणाली, "हे धूड ठेवणार कुठे?" दिवाणाखाली मावेना म्हणून तो पॅसेजमध्ये तिरपा उभा राहिला, आणि रात्री पाणी प्यायला उठणाऱ्या प्रत्येकाच्या गुडघ्याला लागला.

एप्रिलमध्ये तो नागावला नेला. वडखळचा ट्रॅफिक खाऊन पोचेपर्यंत अडीच वाजले. वारा १२-१३ नॉट (नॉट म्हणजे समुद्रावरचं वेगाचं माप), लाट मांडीपर्यंत, तीही फुटता फुटता विरघळणारी. काइटने ओढलं की बोर्ड जरा उठायचा, वारा श्वास घ्यायला थांबला की पायाखालून बुडायचा. वाऱ्यावर वर चढायचं, म्हणजे वारा येतो त्या बाजूला तिरकं सरकायचं, नावच नाही. पाचशे मीटर खाली वाहत जायचं आणि काइट डोक्यावर धरून, बोर्ड काखेत मारून वाळूतून चालत परत यायचं. तिसऱ्या फेरीला जाळं शिवत बसलेले एक काका म्हणाले, "वाळूत चालायला फळी कशाला लागते?" उत्तर नव्हतं.

बोर्डाची चूक नव्हती. तो बनवला होता वेगळ्याच लाटेसाठी. आपल्याला लाट कुठली मिळते, हे आधी बघायला हवं होतं.

आपल्याला मिळते ती अशी. मार्च ते मे दुपारनंतर खारं वारं सुटतं, साधारण वायव्येकडून. अलिबाग, नागाव, किहीमचा किनारा पश्चिमेला तोंड करून आहे, म्हणजे समुद्राकडे पाहिलं तर वारा उजव्या खांद्यावरून, तिरका किनाऱ्याकडे येतो. उत्तर गोव्यात मोरजी-आश्वेलाही जवळपास हेच. अशा वाऱ्यात लाटेचा चेहरा गुळगुळीत राहत नाही, वर बारीक खडबड असते, आणि लाट ढकलत नाही, नुसती घसरते. तिच्यात स्वतःचा जोर नसतो, तो काइटने आणि बोर्डाने भरून काढायचा. (एक फायदा आहे. डावा पाय पुढे ठेवणारे असाल तर किनाऱ्याकडे येताना तुमची छाती लाटेकडे राहते, आणि स्ट्रॅपलेस शिकताना ते फार सोपं जातं. श्रीलंकेतल्या कल्पिटियाला मे ते ऑक्टोबर वारा नैऋत्येचा, तिथे हे बरोबर उलटं होतं.) पावसाळ्याचा विचारच नको. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. कोळ्यांनी होड्या वर ओढून शाकारल्या की आपणही काइट घडी घालून ठेवायची. आणि खाडी जवळ पडते म्हणून तिकडे बघू नका. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ पासून रामसर स्थळही (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा), आणि ओहोटीला तिथे मांडीभर चिखल असतो.

तर या मऊ, खडबडीत लाटेला बोर्ड लागतो आखूड, रुंद आणि सपाट. तुमच्या वजनाला ५ फूट ३ ते ५ फूट ५ इंच, रुंदी १९ इंचांच्या आसपास, नाक बोथट, शेपटी रुंद: स्क्वॉश (सरळ कापलेली, कोपरे गोलसर) किंवा स्वॅलो (मधे खाच असलेली).

सपाट म्हणजे रॉकर कमी. रॉकर म्हणजे बोर्ड बाजूने पाहिला की टोकांना दिसणारा बाक. होडीची नाळ वर उचललेली असते ती लाटेत घुसू नये म्हणून, पण तोच बाक तळाला मधोमध आला की सपाट पाण्यावर बोर्ड पाणी ढकलत बसतो. कमी रॉकरचा बोर्ड कमी वाऱ्यात लवकर पाण्यावर उठतो, वळल्यावर वेग टिकवतो आणि वाऱ्यावर चढतो. १२ नॉटला या तीन गोष्टी मिळाल्या की सेशन, नाहीतर पायपीट. शिवाय अशा बोर्डाखाली पृष्ठभाग मोठा असल्यामुळे ट्विन-टिपला १२ चौरस मीटरची काइट लागायची तिथे बहुतेकदा १० ची भागते.

लिटरचा, म्हणजे बोर्डाच्या आकारमानाचा, आकडा डोक्यात फार घेऊ नका. दुकानदार तोच आधी सांगतात, कारण सर्फिंगमध्ये हाताने वल्हवून लाट पकडायची असते आणि तरंगण्यावर सगळं अवलंबून असतं. आपल्याला काइट ओढते. तुमच्या वजनाला २३ ते २७ लिटर पुष्कळ. त्यापेक्षा फुगीर घेतलात तर खडबडीत पाण्यावर रेल, म्हणजे बोर्डाची कड, पाण्यात बसतच नाही, बोर्ड टपटप उडत राहतो. आणि स्ट्रॅपलेसमध्ये उडालेला बोर्ड तुमचा नसतो, वाऱ्याचा असतो. खाली वारा घुसला की तो पानासारखा जातो. म्हणूनच अतिहलका बोर्डही सुरुवातीला नको. उड्या मारणाऱ्यांना तो हवा असतो, कारण हवेत तो पायाला चिकटून राहील इतका वारा खालून लागतो. लाटेवर वळायचं असेल तर थोडं वजन खडबड खाऊन टाकतं.

आता मोठ्या लाटा. तुमच्या हातात येणारा निमुळता बोर्ड निरुपयोगी नाही, त्याची जागा वेगळी आहे. वारा किनाऱ्याला समांतर किंवा किंचित समुद्राकडे वाहणारा असेल आणि लाट रीफवर, म्हणजे पाण्याखालच्या खडकांच्या पट्ट्यावर, उभी फुटत असेल, तर चेहरा काचेसारखा आणि उभा होतो. मॉरिशसचं वन आय किंवा केप व्हर्देचं पोंता प्रेता ही त्याची नेहमी दिली जाणारी उदाहरणं. तिथे वेग लाटच देते, काइट जवळजवळ रिकामी मागे तरंगत येते. त्या वेगात रुंद शेपटी पाण्यातून वर उचलली जाते, थरथरते, आणि तळाशी वळताना घसरते. निमुळती शेपटी मात्र पाण्यात चावते. बाक लाटेच्या वळणात बसतो, म्हणून नाक खुपसत नाही. रेल पातळ लागते, बोर्ड अरुंद लागतो, लांबी दोन-चार इंच जास्त चालते. वन आय मी लगूनच्या आतूनच पाहिलं आहे, बाहेर जायची माझी लायकी नव्हती, पण तिथून परतणाऱ्यांच्या काखेत एकही बोथट नाकाचा बोर्ड दिसला नाही.

मधला प्रकार म्हणजे केप टाउनच्या बिग बेसारखा. वारा बाजूने आणि जोरदार, लाट छातीएवढी, पण वर खडबड. तिथे ५ फूट ४-६ इंच, साडेअठरा रुंदी, गोल किंवा स्क्वॉश शेपटी, मध्यम रॉकर. "एकच बोर्ड" असं काही खरंच असेल तर तो हा. पण तुमचे दहांतले नऊ दिवस नागाव-गोव्यात जाणार असतील तर दहाव्या दिवसासाठी बोर्ड घेऊन नऊ दिवस चालू नका. दहाव्या दिवशी तिथे भाड्याने मिळतो.

दुसरा बोर्ड घेण्याआधी दुसरा फिनचा, म्हणजे बोर्डाच्या तळाला मागे बसवायच्या पात्यांचा, सेट घ्या. बोर्डाचा स्वभाव त्याने जितका बदलतो तितका दोन इंच लांबीने नाही बदलत. माझ्या बोर्डाला पाच खाचा आहेत. कमी वाऱ्यात चार फिन लावतो, मधलं काढून टाकतो. त्याने वाऱ्यावर चढायला आणि सरळ वेगाला मदत होते. वारा १५-१६ नॉटच्या वर गेला आणि लाट जरा उभी राहिली की तीन लावतो, पण मागचं लहान. मोठं मागचं फिन आखूड लाटेत वळूच देत नाही, बोर्ड रुळावरून गेल्यासारखा जातो. काइटमुळे आपला वेग साध्या सर्फरपेक्षा जास्त असतो, तेव्हा त्याच वजनाच्या सर्फरपेक्षा एक माप लहान फिन पुरतं. एफसीएस आणि फ्यूचर्स या फिन बसवायच्या दोन पद्धतींच्या खाचा एकमेकांत बसत नाहीत, हे विकत घेण्याआधी बघा. आणि उधाणाच्या दिवशी नागावला ओहोटीनंतर पाणी इतकं लांब जातं की लाट घोटाभर पाण्यात फुटते, फिन वाळूत रुततं आणि तुम्ही तोंडावर. भांगेचे (अष्टमीच्या आसपासचे, कमी भरती-ओहोटीचे) दिवस निवडा, पाणी फार हलत नाही, लाट तीन तास एकाच जागी फुटते.

बांधणीबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण इथेच पैसे बुडतात. साधा सर्फिंगचा पॉलियुरेथेन बोर्ड काइटखाली चालतो, पण टिकत नाही. काइटच्या ओढीविरुद्ध टाच सतत एकाच जागी दाबत असते, महिन्याभरात डेकवर, म्हणजे बोर्डाच्या वरच्या बाजूला, टाचेच्या वाट्या पडतात. काइटसाठी केलेल्या बोर्डात फोमवर बांबू, पीव्हीसी फोम किंवा कार्बनचा थर असतो, तो घ्या. आत मात्र बहुतेकदा ईपीएस, म्हणजे थर्माकोलचा सख्खा भाऊ. तो पाणी पितो, आणि दुरुस्ती भलत्या रेझिनने केली तर विरघळतो.

हे मी पुस्तकात नाही वाचलं. माझ्या दुसऱ्या बोर्डाला मांडव्याच्या जेट्टीवर नाकाशी चीर गेली. तुर्भ्याहून फायबरचं रेझिन आणलं, गॅलरीत बसून ओतलं, आणि आतून चुरचुर असा बारीक आवाज यायला लागला. मला वाटलं सेट होतंय. पाच मिनिटांत आंब्याच्या कोयीएवढा खड्डा झाला होता आणि रेझिन त्यात खाली खाली जात होतं. ते पॉलिस्टर होतं. त्यातलं स्टायरिन थर्माकोल खातं. वास असा सुटला की खालच्या मजल्यावरच्या काकू गॅस गळतोय म्हणून वर आल्या. तेव्हा ईपीएसला फक्त इपॉक्सी, तेही आतलं पाणी पूर्ण निघून फोम कोरडा झाल्यावर. आणि मे महिन्यात बंद गाडीत बोर्ड सोडून जेवायला जाऊ नका, आतली हवा फुगते आणि डेकचा थर फोमपासून सुटतो.

म्हणून सेकंडहँड बघायला जाल तेव्हा उन्हात न्या. अंगठ्याने डेकवर इंचाइंचाला दाबा, मऊ लागलं तर सोडा. मडकं वाजवून घेतो तसं बोटाच्या पेराने वाजवत जा. जिथे आवाज भद्द येतो तिथे थर सुटलेला आहे. फिनच्या खाचांभोवती केसासारख्या चिरा आणि पिवळट-तपकिरी डाग बघा, पाणी तिथूनच शिरतं. शेवटी वजन काट्यावर टाका. अडीच-तीन किलोचा बोर्ड चार भरत असेल तर उरलेला समुद्र आहे.

पाय घसरू नये म्हणून वॅक्स लावू की पॅड? आपल्याकडे पॅड. एप्रिलच्या उन्हात वॅक्स तुपासारखं वितळतं, आणि मग गाडीच्या सीटला, काइटच्या कापडाला, घरी आल्यावर दिवाणावरच्या चादरीला लागतं. पुढच्या पायाखालीही पॅड असलेला बोर्ड मिळाला तर उत्तम.

लीश, म्हणजे बोर्ड स्वतःला बांधून ठेवायची दोरी, बांधायचा मोह होईल, कारण पहिले दोन महिने बोर्ड सतत निसटणार. बांधू नका. काइट तुम्हाला ओढते, बोर्ड पाण्यात अडकतो, दोरी ताणते आणि बोर्ड रबरासारखा डोक्यात येतो. त्याऐवजी बॉडी ड्रॅग करत, म्हणजे बोर्डाशिवाय काइटने अंग पाण्यातून ओढून घेत, वाऱ्यावर चढून बोर्डापर्यंत पोचणं इतकं घोटा की ते कंटाळवाणं वाटायला लागेल. हेल्मेट घाला, हे रामेश्वरमला सांगितलं असेलच.

माझा ५ फूट ४ चा बोर्ड वापरून बघायचा असेल तर एप्रिलमधल्या कुठल्याही भांगेच्या शनिवारी नागावला या, दुपारी दोननंतर. फिन घट्ट करायची एल आकाराची छोटी किल्ली तेवढी स्वतःची आणा. माझ्या तीन त्या वाळूत गेल्यात, चौथी काइट फुगवायच्या पंपाला सुतळीने बांधली आहे आणि ती मी कुणाला देत नाही.