तीन हजार शब्द पाठ, तरी व्हर्बल अडकलेलंच

अमळनेर तालुक्यातली एक मुलगी गेल्या वर्षी माझ्याकडे आली. इंजिनिअरिंग झालेलं, अमेरिकेत एमएस करायचं म्हणून जीआरई ही प्रवेशपरीक्षा द्यायची होती. गणित तिला सोपं जायचं. व्हर्बल, म्हणजे इंग्रजी भाषेचा भाग, मात्र सराव परीक्षेत 145 गुणांच्या पुढे सरकत नव्हता. बसल्या बसल्या तिने पिशवीतून तीन जाड वह्या काढल्या. लाल शाईत इंग्रजी शब्द, निळ्या शाईत मराठी अर्थ.

"मॅडम, तीन हजार शब्द पाठ केले. तरी पेपर समोर आला की माले काहीच समजत नही."

शेवटचं वाक्य घरच्या बोलीत आलं आणि डोळे भरले. दहावीपर्यंत मराठी माध्यम, म्हणजे आता व्हर्बल आपल्या नशिबात नाही, असं तिने मनाशी धरून ठेवलं होतं. जळगाव-धुळ्याकडची कितीतरी मुलं हेच वाक्य घेऊन येतात, म्हणून हा अनुभव लिहिते आहे.

आधी मी तिच्या वह्या नीट चाळल्या. एवढी मेहनत न पाहता सल्ला द्यायला माझं मन धजत नाही. मग शेवटच्या सराव परीक्षेतले चुकलेले प्रश्न काढायला सांगितले. 27 पैकी 15 चुकले होते. प्रत्येकापुढे एकच गोष्ट लिहायची: शब्द माहीत नव्हता, की वाक्य कळलं नाही? तासाभराने हिशोब लागला. शब्द अडला होता फक्त चार ठिकाणी. उरलेल्या अकरा प्रश्नांतले सगळे शब्द तिच्या वहीत होते.

त्यातला एक प्रश्न अजून लक्षात आहे. मराठीत सांगायचं तर असा: सहकारी त्या शास्त्रज्ञाला हटवादी म्हणत असले, तरी पुरावा समोर आला की तो मत बदलायला ____ असे. तिने निवडलं होतं 'रिलक्टंट', म्हणजे नाखूश. उत्तर होतं 'अमेनेबल', म्हणजे राजी. दोन्ही शब्द तिला पाठ होते. पण 'हटवादी' वाचलं आणि लगेच नजर पर्यायांवर गेली, त्याच्याशी जुळणारा शब्द दिसला, तो उचलला. मधला 'ऑल्दो' तिने वाचलाच नव्हता.

मी तिला अहिराणीत एक वाक्य दिलं. "पानी चांगला पडना, पन कापूस..."

"पिकना नही," ती पटकन म्हणाली.

"आता 'पन' काढ. पानी चांगला पडना, म्हनीसन कापूस..."

"चांगला पिकना." आणि ती थांबली. पाऊस तोच, कापूस तोच. वाक्यं जोडणाऱ्या एका शब्दाने रिकामी जागा उलटी फिरवली होती, आणि हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

त्या दिवसापासून एक सवय लावली. पर्याय हाताने झाकायचे. 'ऑल्दो', 'डिस्पाइट', 'बिकॉज', 'हार्डली' यांच्याखाली मनात रेघ मारायची. रिकाम्या जागेत आपला शब्द घालायचा, मराठीत सुचला तर मराठीत, अहिराणीत सुचला तर अहिराणीत. मगच हात काढायचा. पहिले आठ दिवस तिचा वेग फार मंदावला आणि ती घाबरली. ते स्वाभाविक आहे, सवय मोडताना असंच होतं, म्हणून हे काम परीक्षेला निदान दोन-तीन महिने असतानाच सुरू करावं.

शब्द लागतच नाहीत असं मी म्हणणार नाही. पण तिच्याकडची यादी कुठल्यातरी सिनियरकडून आलेली, त्या जुन्या परीक्षेच्या काळातली, जेव्हा विरुद्धार्थी शब्द सुटे विचारत. 2011 च्या ऑगस्टपासून ते प्रश्न गेले. आता शब्द नेहमी वाक्यातच येतो, आणि ओळखीचा शब्द अनोळखी अर्थाने येऊ शकतो: 'वाँट' म्हणजे उणीव, 'क्वालिफाय' म्हणजे विधानाला मर्यादा घालणं. म्हणून तिने रोज पन्नासऐवजी दहा शब्द घेतले, प्रत्येकाचं एक वाक्य स्वतः लिहून. सहा पर्यायांतून दोन निवडायच्या प्रश्नात तर नुसते समानार्थी शब्द शोधणं घातक. जोडी समानार्थी असते आणि वाक्यात बसत नाही, असा सापळा तिथे असतो, आणि दोन्ही बरोबर आल्याशिवाय गुण नाहीत.

वेळेची माहितीही तिच्याकडे जुनीच होती. सप्टेंबर 2023 पासून व्हर्बलचे दोन भाग आहेत: 12 प्रश्न 18 मिनिटांत, 15 प्रश्न 23 मिनिटांत. पहिला भाग जसा जाईल तशी दुसऱ्याची काठिण्यपातळी ठरते. चुकीला गुण कापत नाहीत, म्हणून काहीही कोरं सोडू नये. परीक्षा घेणाऱ्या ईटीएसच्या दोन मोफत सराव परीक्षा आहेत. त्या मी तिला जपून, शेवटच्या महिन्यात द्यायला सांगितल्या.

सगळ्यात अवघड गेले उतारे, आणि जवळपास अर्धे प्रश्न त्यांचेच असतात. शेतीवरचा, जीवशास्त्रावरचा उतारा ती पेलायची. कलासमीक्षा आली की वाक्यामागून वाक्य वाचत जायची आणि शेवटी हाती काही उरायचं नाही. तेव्हा ती क्लाससाठी अमळनेरहून रेल्वेने जळगावला यायची. धरणगाव येईपर्यंत एक उतारा वाचायचा, तिथून जळगावपर्यंत कागद बंद करून लेखक काय म्हणतो ते मनात दोन वाक्यांत मांडायचं, असं आम्ही ठरवलं.

मुख्य परीक्षेत तिला 153 मिळाले. तिने अर्ज केलेल्या विद्यापीठांसाठी तेवढे पुरेसे होते. पेढे घेऊन आली तेव्हा तिने एक गोष्ट सांगितली, ती मला ठाऊक नव्हती. रेल्वेतल्या सरावाने भागेना, म्हणून ती रात्री भाकरी थापणाऱ्या आईजवळ बसून उतारा अहिराणीत सांगायची. आई चौथी शिकलेली. लेक उताऱ्यातल्या उदाहरणांत, नावांत, सालांत रमली की आई तव्यावरची भाकरी उलटता उलटता मध्येच विचारायची, "ते समदं ठीक शे, पन तो म्हनस काय?"