पोलंडचं रेगे: ऐकायचं कसं?

प्रश्न: मुलगी व्रोत्सवाफला शिकते. तिनं 'आकुरात' या पोलिश बँडची गाणी पाठवली. संथ रेगे चालू असतं आणि मध्येच सुसाट पंक सुरू होतं. जमैकाचं रेगे पोलंडला पोहोचलं कसं? आणि शब्द कळत नसताना ऐकायचं काय?
– एक वाचक, सांगली

उत्तर: आधी ऐकण्याचं सांगतो. गिटारकडे कान द्या आणि 'एक-आणि-दोन-आणि' असं मोजत राहा. गिटारचा तुटक 'च्यॅक' 'आणि'वर पडतोय आणि चाल संथ आहे, तर ते रेगे. तोच 'च्यॅक' धावता झाला, जोडीला ट्रम्पेट आला की स्का. मधल्या जागा बुजल्या, गिटार सलग खरडू लागली की पंक. या बँडांची खरी गंमत सांध्यावर असते, एकातून दुसऱ्यात शिरताना.

आता पोलंड. डिसेंबर १९८१मध्ये तिथे मार्शल लॉ लागला. रस्त्यावर रणगाडे, गाण्यांच्या शब्दांवर सेन्सॉर. त्याच काळात, १९८२मध्ये, 'ब्रिगादा क्रिझिस' या बँडची तबकडी वॉर्सात निघाली. त्यातला रॉबर्ट ब्रिलेव्स्की मूळचा पंकवाला. १९८३मध्ये त्यानं 'इझ्राएल' हा बँड काढला आणि रेगेकडे वळला. त्याच वर्षी 'मिस्टी इन रूट्स' हा ब्रिटिश रेगे बँडही पोलंडमध्ये वाजवून गेला. रास्ता लोक, म्हणजे रेगेशी जोडलेल्या जमैकातल्या रास्ताफारी पंथाचे अनुयायी, जुलमी सत्तेला 'बॅबिलॉन' म्हणतात. पोलंडमधल्या यारोचिनच्या रॉक महोत्सवाला जमणाऱ्या पोरांना त्याचा अर्थ कुणी समजावून द्यावा लागला नाही. पंकनं त्यांना ओरडायला शिकवलं, पण तो राग वर्षानुवर्षं धरून ठेवायची ताकद रेगेच्या ठेक्यानं दिली, असं माझं ठाम मत आहे.

'आकुरात' पुढच्या पिढीचा. १९९४ साली, म्हणजे कम्युनिस्ट राजवट गेल्यावर, दक्षिणेतल्या ब्येल्स्को-ब्यावा गावी सुरू झाला. त्यांचं 'दो प्रोस्तेगो च्वोव्येका', म्हणजे 'साध्या माणसास', जरूर मिळवा. शब्द यूलियान तुवीम या कवीचे, १९२९चे. युद्धाची पोस्टरं भिंतींवर लागतील तेव्हा बंदूक रस्त्यावर आपट, कारण रक्त तुझं सांडणार आणि तेल युद्ध पेटवणाऱ्यांना मिळणार, असं तो सामान्य माणसाला बजावतो. त्यावरून राष्ट्रवादी मंडळी कवीवर तुटून पडली होती. मुलीला ती कविता फोनवर मोठ्यानं वाचायला सांगा, मग गाणं लावा.

आणि मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. त्यात बेस गिटार जवळजवळ गायब होते, आणि रेगेत अर्धं गाणं तीच गाते. साधे हेडफोनही चालतील.