केटोनची पावडर, बाबांची साखर आणि ती डॅपाची गोळी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बाबा 58 वर्षांचे, टाइप 2 मधुमेह, मेटफॉर्मिन आणि डॅपाग्लिफ्लोझिन (‘डॅपा’) या मधुमेहाच्या गोळ्या चालू. जिमच्या ट्रेनरने केटोन सॉल्टचा डबा गळ्यात मारलाय, ‘साखर उतरेल आणि चरबीपण जळेल’ म्हणून. द्यावी का?

बाबांना देऊ नका. निदान त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर नाहीच. पण ‘हे सगळं थोतांड’ असंही मी म्हणणार नाही. साखर उतरते हे खरं आहे. किती आणि कशी, तिथे गोम आहे.

आधी चरबीचं बघू, कारण तिथे ट्रेनरने गोष्ट उलटी सांगितली आहे. उपास घडला किंवा भात-पोळी बंद केली की इन्शुलिन खाली येतं, चरबीच्या पेशींतून फॅटी ॲसिड सुटतात आणि यकृत त्यांचे केटोन, म्हणजे साखरेऐवजी जाळायचं इंधन, बनवतं. त्यातला मुख्य म्हणजे बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट, तुमच्या डब्यावर ‘बीएचबी’ लिहिलंय तो. यकृताला स्वतःला तो वापरताच येत नाही, त्यासाठीचं एन्झाइम त्याच्याकडे नाही. यकृत राबतं मेंदू, हृदय आणि स्नायूंसाठी. तेव्हा रक्तात केटोन दिसले म्हणजे चरबी जळतेय, हा हिशेब उपाशी माणसाला लागू. पावडर प्यायलेल्या माणसाच्या रक्तातले केटोन डब्यातून आलेत. शिवाय बीएचबी चरबीच्या पेशींवरच्या एका रिसेप्टरला जाऊन चिकटतो (निॲसिन हे जीवनसत्त्वही तिथेच चिकटतं) आणि ‘आता पुरे, चरबी सोडू नका’ असा निरोप देतो. म्हणजे प्यायलेले केटोन घरची चरबी वितळणं काही वेळ मंदावतात. वर त्या पावडरीतल्या बीएचबीला स्वतःचे उष्मांक आहेत, ग्रॅमला पाचच्या आसपास. वजन उतरवायला हे प्यायचं म्हणजे घरचं धान्य कणगीत तसंच ठेवून बाजारातून विकत आणून खायचं.

आता साखर. कॅनडात ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या जोनाथन लिटल यांच्या गटाने 2018 मध्ये निरोगी माणसांना ग्लुकोजचं पाणी देण्याआधी अर्धा तास केटोन मोनोएस्टर (पोटात गेल्यावर बीएचबी देणारं एक द्रव रसायन) पाजलं. एरवी जेवढी साखर चढली असती त्यापेक्षा सुमारे 16 टक्के कमी चढली. 2022 मध्ये अशा 43 चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा सरासरी घट निघाली लिटरमागे 0.54 मिलीमोल, म्हणजे आपल्या मीटरच्या भाषेत साधारण 10 पॉइंट (mg/dL). केटोन आले की यकृत रक्तात ग्लुकोज कमी सोडतं, हे त्यामागचं एक कारण. पण हा परिणाम काही तासांचा असतो आणि एचबीए1सी ही तपासणी असते तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची. शिवाय घरचं ग्लुकोमीटर 100 च्या वर 15 टक्के इकडेतिकडे दाखवलं तरी मानकात बसतं. 180 वर 10 पॉइंटचा फरक म्हणजे मीटरच्या चुकीतच हरवणारी गोष्ट.

आणि बाबांच्या डब्यात ते एस्टर नाहीच. एस्टर ऑक्सफर्डच्या कीरन क्लार्क आणि अमेरिकेतल्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेचे रिचर्ड वीच यांनी घडवलं. महाग आणि चवीला भयंकर, पण रक्तातले केटोन 3 मिलीमोलपर्यंत नेतं. सॉल्ट म्हणजे बीएचबीला सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम जोडलेलं. त्याने जेमतेम 1 च्या आसपास जातात. त्या 43 चाचण्यांतही एस्टरचा परिणाम सॉल्टपेक्षा जास्त होता. अभ्यास एस्टरचा आणि विक्री सॉल्टची, अशी ही वाटणी आहे. (‘रास्पबेरी केटोन’ नावाच्या गोळ्यांचा तर या केटोनशी नावापलीकडे काही संबंध नाही. कोणी देत असेल तर हात जोडा.)

मीही हा उद्योग केलाय. मला 11 वर्षं शुगर आहे, बोट टोचायची सवय आहे, म्हटलं बघू. नेहमीची वाटीभर पोहे, आधी पावडर. तासाने 181. एरवी त्याच पोह्यांवर 190 ते 200 येते. खूश झालो. चौथ्या दिवशी पावडर न घेता तेच पोहे खाल्ले तर 178! मधल्या दिवशी ऑफिसच्या बसमध्ये पोटाने जो तमाशा केला तो इथे लिहीत नाही. उरलेला अर्धा डबा अजून माळ्यावर आहे.

पण तुमच्या बाबतीत मला खरी काळजी आहे ती डॅपाची. ही गोळी लघवीवाटे साखर बाहेर काढते, इन्शुलिनची गरज कमी होते, आणि त्या भानगडीत शरीर स्वतःच जास्त केटोन बनवायला लागतं. क्वचित ते इतके वाढतात की रक्त आम्लधर्मी होतं, आणि मीटरवर साखर मात्र 180-200 च दिसते, त्यामुळे घरी कोणाला शंका येत नाही. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रक संस्थेने, 2015 मध्येच याबद्दल इशारा दिला होता. अशा माणसाला वरून केटोन पाजायचे कशाला? उद्या त्रास झालाच, तर रक्तातले केटोन गोळीमुळे वाढलेत की डब्यामुळे, हे कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरला कसं कळणार? लघवीतले केटोन दाखवणाऱ्या पट्टीवर विसंबू नका. ती ॲसिटोॲसिटेट हा दुसरा केटोन मोजते, बीएचबी नाही.

बाबांना बीपी असेल तर डब्यामागे एका स्कूपमध्ये सोडियम किती आहे तेही वाचा. लोणचं-पापड बंद करून हे मीठ पाजण्यात अर्थ नाही.

डबा फोडला नसेल तर परत करा. फोडून दोन-चार दिवस दिला असेल तर तो पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या आणि डॅपा चालू असल्याचं आवर्जून सांगा. आणि बाबांना उलट्या, पोटात दुखणं, धाप लागणं यातलं काहीही झालं, तर साखर कितीही बरी दिसो, त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रक्तातले केटोन तपासून घ्या.